रोगाची सांथ आणि पुढाऱ्यांची दलाली

[नेकनूर (जि. बीड) येथें सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनाच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.]



मी खेड्यांतला शाळामास्तर. अध्यापक विद्यालयांत शिकलों तेवढेंच माझें शिक्षण. मी डॉक्टर नाहीं आणि पुढारीहि नाहीं. तेव्हां रोग आणि शास्त्र ह्यांवर मीं बोलावें हें कोणाला आगाऊपणाचें वाटेल. परंतु रोगाची सांथ आली म्हणजे सरकारचा हुकूम दारोदार नेण्याचें काम शेवटीं मास्तराच्या गळ्यांत पडतें, आणि लोकांचा अविश्वासहि पहिल्यानें मास्तराच्याच तोंडावर आदळतो. त्या अनुभवाच्या जोरावर मी चार शब्द सांगणार आहें. त्यांत माझ्या एका चुकीची कबुलीहि आहे.

आज १० मार्च. १८९७ सालीं ह्याच दिवशीं सावित्रीबाई प्लेगनें गेल्या. जोतीराव जाऊन तेव्हां सहा वर्षें झालीं होतीं. प्लेग पुण्यांत शिरला तेव्हां बाईंनीं लष्करांत डॉक्टर असलेल्या आपल्या चिरंजीवांना, यशवंतरावांना, बोलावून घेतलें आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तींतील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला गांठ आल्याचें कळतांच बाई तेथें गेल्या, आणि मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यांत आल्या. त्यांत त्यांनाहि रोगानें गांठलें. महिनाभर आधीं, ९ फेब्रुवारीस, मुंबईंत गिरणी कामगारांचे पुढारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्याच रोगानें गेले होते. आपल्या चळवळीचीं दोन माणसें त्या सांथीनें एका महिन्यांत नेलीं.

आतां पुढची तारीख ध्यानांत ठेवा. बाई गेल्यावर तीनच दिवसांनीं, १३ मार्च १८९७ रोजीं, पुण्यांत गोऱ्या सोल्जरांची घरझडती सुरू झाली. प्लेग कमिटीचे प्रमुख रॅंडसाहेब होते. सोल्जर बुटांसकट माजघरांत शिरत, देवघर उसकटीत, बायामाणसांची तपासणी करीत, संशय आला त्याला इस्पितळांत नेत, घरच्यांना छावणींत डांबीत, आणि सामानसुमान जाळीत. रोग्याला वेगळें ठेवावें, घर स्वच्छ करावें, ह्या कल्पनेंत मुळांत वाईट कांहीं नव्हतें. सावित्रीबाईंनीं तरी काय केलें? रोग्याला घरांतून उचलून वस्तीबाहेरच्या माळावर नेलें. काम एकच. पण एकीकडे आईची पाठ होती, आणि दुसरीकडे सोल्जरची संगीन. माळावरच्या दवाखान्याकडे लोक विश्वासानें आले. सरकारी इस्पितळाचें नांव ऐकून मात्र ते रोग्याला धान्याच्या कणगींत लपवूं लागले, आणि लपविलेल्या रोग्यानें सारें घर आजारी पाडलें.

हा दोष फक्त पुण्याचा नव्हता. मुंबईंत मांडवी भागांत सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासियो व्हिएगस ह्या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनीं हा गांठीचा प्लेग आहे असें उघड सांगितलें. व्यापार बसेल, जहाजें बंद होतील, ह्या भीतीनें मोठमोठे लोक आरंभीं ‘संशयित ताप’ असें गुळमुळीत बोलत राहिले. रोग हाताबाहेर गेल्यावर मात्र ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं एकदम कायदा आला, आणि त्यानें सरकारला हवें तें करण्याची मुभा दिली. आधीं लपवाछपवी आणि मग जुलूम! अशानें कोणाचा विश्वास बसेल? आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगार चालून गेले ते ऑक्टोबर १८९६ मध्यें. तेथें माणसें मारून त्यांच्या शरीरांतून औषधी तेल काढतात अशी वदंता होती. आपण त्या वदंतेला हंसतों. पण ज्या सरकारनें गरिबाला कधीं माणूस म्हणून विचारलें नाहीं, तें एकाएकीं त्याच्या जिवाची काळजी करतें म्हणजे त्यांत कांहींतरी काळेंबेरें असावें, असा हिशेब गरिबानें केला. तो हिशेब चुकला खरा, तरी तो मूर्खपणानें केलेला नव्हता.

ह्या रागावर मग दुसरें राजकारण उभें राहिलें. टिळक पुण्यांत राहिले, पळून गेले नाहींत, हिंदूंसाठीं प्लेगचें रुग्णालय काढण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला. हें खरें आहे आणि तें आपणहि मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. परंतु २२ जून १८९७ रोजीं चाफेकर बंधूंनीं रॅंडवर गोळ्या झाडल्या. टिळकांवर खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. आणि त्यानंतर त्या सांथीची जी कथा पिढ्यान् पिढ्या पोरांना सांगितली गेली, तींत रॅंड आहे, पिस्तूल आहे, फांसाचा दोर आहे. मुंढव्याचा तो मुलगा नाहीं, आणि त्याला पाठीवर घेणारी बाईहि नाहीं. रोग कसा पसरतो, उंदीर मेल्यावर काय करावें, टोचून घ्यावें कीं नाहीं, हेहि प्रश्न त्या कथेंत नाहींत. सरकारला आपला दरारा हवा होता आणि विरोधकांना सरकारविरुद्ध कारण हवें होतें. दोघांच्या ओढाताणींत रोगी जमिनीवर पडून राहिला.

त्याच दिवसांत मुंबईंत वाल्देमार हाफकिन नांवाचे एक रशियांत जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलींत प्लेगवरची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग लोकांना टोचली, आणि टोचलेले किती, न टोचलेले किती, आजारी कोण पडले, मेले कोण, ह्याची नोंद ठेवली. आगाखानांनीं आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतलें, तेव्हां त्यांच्या जमातींत भीति कमी झाली. पुढाऱ्यानें सांथींत काय करावें ह्याचा हा एक चांगला दाखला. ‘घ्या’ असें भाषण न करतां त्यानें आपला दंड पुढें केला.

पण ऑक्टोबर १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एकाच बाटलींतून टोचलेले १९ जण धनुर्वातानें मेले. चौकशी समिति बसली. दोष प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर, ठेवला गेला आणि त्यांना कामावरून दूर केलें. पुढें पुराव्यांतून दिसलें कीं बाटली मुलकोवालला उघडली तेव्हां बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट शुद्ध न करतांच वापरला गेला. प्रयोगशाळेंतून निघतांना बाटली खराब असल्याचा पुरावा नव्हता. तरी कित्येक वर्षें कागद दप्तरांतच राहिले. १९०७ मध्यें रोनाल्ड रॉस वगैरे शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत जाहीर पत्र लिहिलें, तेव्हां कोठें त्या माणसाचें नांव निर्दोष झालें. १९२५ मध्यें परळच्या प्रयोगशाळेला त्यांचें नांव दिलें. तीच हाफकिन संस्था. परंतु मधल्या वर्षांत टोचण्याविषयीं जी धास्ती बसली तिची भरपाई कोण करणार? सरकारनें पहिल्याच महिन्यांत सारे कागद लोकांपुढें मांडले असते, चूक कोठें झाली तें मोकळें सांगितलें असतें, तर १९ जणांचें दुःख राहिलें असतें, पण संशय इतका वाढला नसता.

बंधूंनो, तेव्हां आपला हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. रॅंडची कहाणी आपल्याकडे पुण्याहून ऐकूनच आली. पण २०२० सालीं कोरोना आला तो आपल्या दारांत आला. आणि १२३ वर्षांपूर्वींचाच तमाशा, वेष बदलून, आपण आपल्या डोळ्यांनीं पाहिला.

पाहा, काय काय झालें. मार्च २०२० मध्यें दिल्लीच्या एका मेळाव्यांत रोग पसरला. त्यावरून एका अख्ख्या समाजालाच रोगाचें नांव दिलें गेलें. आपल्या नेकनुरांत ज्या मुसलमान शेजाऱ्याच्या दुकानांतून आपण पिढ्यान् पिढ्या माल घेत आलों, त्याच्या दुकानासमोरून लोक तोंड फिरवून जाऊं लागले. नगर जिल्ह्यांत परदेशी पाहुण्यांवर खटले झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें ते रद्द केले, आणि संकटाच्या वेळीं राजकीय सत्ता बळीचा बकरा शोधते अशा आशयाचे शब्द त्या निकालपत्रांत आले. पण निकाल येईपर्यंत विष भिनलें होतें. ज्याला तुम्ही रोगाचा गुन्हेगार ठरवतां, त्याच्याच दारीं पुढच्या वर्षीं सुई घेऊन गेलांत, तर तो दार कशाला उघडील?

२ जुलै २०२० रोजीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें रुग्णालयांना लिहिलें कीं नवी देशी लस १५ ऑगस्टपर्यंत लोकांसाठीं तयार व्हावी. शास्त्रज्ञांनींच त्याला हरकत घेतली, कारण लस तपासायला लागणारा वेळ झेंडावंदनाची तारीख पाहून कमी होत नाहीं. पुढें ३ जानेवारी २०२१ रोजीं त्या लसीला परवानगी मिळाली, तेव्हां तिसऱ्या टप्प्याचे आंकडे हातीं आलेले नव्हते. सत्तापक्ष म्हणाला, शंका घेणें म्हणजे देशाचा अपमान. विरोधी पक्षाचा एक मोठा पुढारी म्हणाला, ही त्या पक्षाची लस आहे, मी घेणार नाहीं. गंमत अशी कीं त्याच वर्षीं जुलैमध्यें आंकडे आले आणि ती लस सुमारें ७८ टक्के परिणामकारक ठरली. औषध चांगलें होतें! मग घाई कोणाला होती? औषधाला नव्हती, रोग्यालाहि नव्हती. घाई श्रेय घेणाऱ्याला होती. सहा महिन्यांनीं जो विश्वास लसीनें स्वतःच्या गुणानें मिळविला असता, तो त्या घाईनें आधींच गमावला.

लस घेतल्याच्या दाखल्यावर पंतप्रधानांचें छायाचित्र आलें. निवडणुका लागल्या त्या राज्यांत तें काढावें लागलें. माझा साधा प्रश्न आहे. दाखला औषधाचा कीं पक्षाचा? ज्याला तो पक्ष आवडत नाहीं त्याला औषधहि परक्याचें वाटूं लागलें, तर दोष एकट्या त्याचाच आहे काय? तिकडे एका बाबांच्या कंपनीनें जून २०२० मध्यें ‘कोरोनिल’ नांवाची गोळी काढून रोग बरा करण्याचा दावा केला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्यें त्याच गोळीच्या समारंभाला देशाचे आरोग्यमंत्री, स्वतः डॉक्टर असलेले, व्यासपीठावर बसले. २०२४ मध्यें त्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयापुढें जाहिरातींबद्दल माफी मागावी लागली. गोळी विकून झाल्यावर आलेली माफी गरिबाच्या काय कामाची? आणि एप्रिल २०२१ मध्यें आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत एका खासदारानें रेमडेसिव्हिरच्या कुप्या दिल्लीहून विमानानें आणल्या आणि त्याचें चित्रण लोकांना दाखविलें. प्रकरण खंडपीठापुढें गेलें. त्या औषधाविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें नोव्हेंबर २०२० मध्येंच सांगितलें होतें कीं इस्पितळांतील रोग्यांना तें देण्याची शिफारस आम्ही करीत नाहीं. पण डॉक्टर हळू बोलतो, आणि विमान मोठ्यानें वाजतें. त्या एका कुपीसाठीं किती घरांनीं बैल विकले, सोनें मोडलें!

मग नोव्हेंबर २०२१. औरंगाबाद जिल्ह्यांत, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत, लसीकरण मागें पडलें म्हणून हुकूम निघाला कीं लस नसेल तर रेशन नाहीं, पेट्रोल नाहीं. त्याच सुमारास राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीं सांगितलें कीं मुसलमान वस्त्यांत लोकांचें मन वळविण्यास सिनेमाच्या नटाची मदत घेऊं. धाक आणि तमाशा, ह्यांपलीकडे सत्तेला तिसरी वाट सुचली नाहीं.

आतां माझी कबुली. आमच्याकडे तसा हुकूम नव्हता. पण यादी माझ्या हातांत होती, आंकडा भरायचा होता, आणि वरून रोज विचारणा होत होती. एका ऊसतोड कुटुंबाच्या घरीं म्हातारी आणि तिची नात अशी दोघेंच. पोरगा-सून कारखान्यावर तोडीला गेलेलीं. आजी लस घ्यायला तयार नाहीं. मीं तिला सांगितलें, “आजी, तिकडे रेशन बंद झालंय. इकडंबी तुमचं कार्ड बंद होईल.” हें खोटें होतें, आणि खोटें आहे हें मला ठाऊक होतें. आजी उठली, पदर खोचला, माझ्या मागें आली, आणि दंड पुढें केला. माझ्या यादींत एक खूण वाढली. मी मनांत म्हणालों, काम झालें.

काम झालें नव्हतें. पुढच्या वर्षाच्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगांव येथें गोवरानें मुलें दगावलीं, आणि गोवराची जादा मात्रा देण्यास गांवोगांवीं शिबिरें लागलीं. मी त्याच घरीं गेलों. आजीनें नातीला शेजारच्या गोठ्यांत लपविलें होतें. मला म्हणाली, “मास्तर, रेशन चालूच हाय की. तुमी खोटं बोलले. आता पोरीला काय टोचता, ह्येचं खरं कसं मानू?” आणि थांबून ती पुढें बोलली तें मी जन्मभर विसरणार नाहीं. “माझी पिशवी काढली डागदरानं. कॅन्सर हुईल म्हनला. झालता का कॅन्सर? कागुद बी दाखविला न्हाई. त्यो बी शिकलेला, तुमी बी शिकलेले.”

बंधुभगिनींनो, ह्या म्हातारीला अडाणी म्हणण्याची छाती कोणाची आहे? २०१९ मध्यें आपल्या बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांची सरकारनें पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांना विचारलें, त्यांत १३ हजारांहून अधिकांची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. कामाचा खाडा पडूं नये म्हणून, मुकादमाचा दंड चुकावा म्हणून, आणि खासगी दवाखान्यांत कॅन्सरची भीति घातली म्हणून. त्या बायांचा डॉक्टरवर विश्वास नाहीं ही अंधश्रद्धा नव्हे. ती त्यांच्या शरीरावर लिहिलेली नोंद आहे. अंधश्रद्धा आपल्यांत आहेच. मरीआईचा गाडा वेशीबाहेर ढकलला कीं पटकी जाते असें मानणारे आपलेच पूर्वज होते. पण प्रत्येक शंकेला अंधश्रद्धा म्हणणें हा शिकलेल्यांचा नवा सोंवळेपणा आहे.

त्या नातीला शेवटीं लस कोणी दिली? आमच्या गांवच्या आशाताईनें. तिनें माझ्यासारखी यादी काढली नाहीं. ती आजीजवळ बसली. म्हणाली, “पोरीला एखादा दिवस ताप येईल, दंड दुखेल. जास्त झालं तर रात्रीं बी मला हाक मार, मी इथंच हाय.” कुपी दाखविली, तिच्यावरची तारीख वाचून दाखविली, आपल्या लेकीलाहि हीच दिली म्हणून सांगितलें. अर्धा तास गेला. आजीनें स्वतः गोठ्यांतून पोरीला आणलें. ह्याच आशाताईंना जून २०२१ मध्यें, महामारी चालू असतांना, मानधनासाठीं महाराष्ट्रभर संप करावा लागला होता! ज्यांच्या अंगीं लोकांचा विश्वास, त्यांच्या हातावर चिल्लर. ज्यांच्यावर कोणाचा विश्वास नाहीं, त्यांचीं छायाचित्रें चौकाचौकांत.

कोणी म्हणेल, ही आपल्या मागास मुलखाची गोष्ट. तसें नाहीं. ऑक्टोबर २०२० मध्यें ‘नेचर’ ह्या जगप्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकानें अमेरिकेच्या निवडणुकींत बायडेन यांना उघड पाठिंबा दिला. नंतर एका संशोधकानें कांहीं हजार अमेरिकनांवर प्रयोग केला, तो २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. हा पाठिंबा ज्या ट्रंपसमर्थकांना दाखविला, त्यांचा त्या नियतकालिकावरचा विश्वास बराच घटला. कोरोनाविषयीं त्यांत काय छापलें आहे तें वाचण्याची त्यांची इच्छाहि कमी झाली, आणि एकंदर शास्त्रज्ञांवरचा विश्वासहि थोडा खालीं आला. दुसऱ्या बाजूच्या लोकांत त्या मानानें कांहीं वाढ झाली नाहीं. म्हणजे पुढारी शास्त्रज्ञाच्या खांद्यावर बसला तरी नुकसान, आणि शास्त्रज्ञ पुढाऱ्याच्या व्यासपीठावर चढला तरीहि नुकसानच. शास्त्रज्ञानें नागरिक म्हणून मत जरूर द्यावें, अन्यायाविरुद्ध बोलावें. पण प्रयोगशाळेच्या पाटीवर पक्षाचें चिन्ह काढूं नये.

आतां मुद्द्याची गोष्ट. जोतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापिला तो कशासाठीं? देव आणि माणूस ह्यांच्यामध्यें दलाल नको, एवढ्यासाठीं. मग मला कोणी विचारील, मास्तर, डॉक्टर हा तरी दलालच नाहीं काय? पोथी भटजीला कळते, तशी लस डॉक्टरला कळते. आम्हीं दोन्हीकडे मान डोलवायची. मग फरक तो काय?

फरक मोठा आहे, आणि तो त्या आजीनें एका शब्दांत सांगितला: कागद. भटजी पोथीचा अर्थ सांगतो पण तपासूं देत नाहीं. त्याचें मुहूर्त चुकलें तर दोष यजमानाच्या पापाचा. खरा शास्त्रज्ञ आपली वही उघडी ठेवतो. किती जणांना औषध दिलें, किती बरे झाले, किती मेले, मी कोठें चुकलों, तें लिहितो, आणि दुसऱ्यानें तपासून खोटें पाडलें तर मान्य करतो. आपल्याच मराठवाड्यांत, जालना जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणांत महाडकडे गेले. तेथें विंचू चावला कीं लोक मांत्रिकाकडे धांवत, आणि इस्पितळांत आलेल्या गंभीर रोग्यांपैकींहि शंभरांत चाळीसच्या आसपास मरत. बावस्करांनीं रोग्याच्या उशाशीं रात्र रात्र बसून नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हें औषध वापरलें, आणि मरणाऱ्यांचें प्रमाण शंभरांत एकाच्या घरांत आणलें. त्यांच्या नोंदी ‘लॅन्सेट’नें छापल्या. लोकांनीं मांत्रिक सोडला तो कायद्याच्या धाकानें सोडला नाहीं, नटाच्या सांगण्यानेंहि सोडला नाहीं. शेजारचा माणूस उठून घरीं चालत आलेला पाहिला म्हणून सोडला.

तेव्हां माझें मागणें थोडें आहे. पुढाऱ्यांनो, सांथ आली कीं पैसा द्या, खाटा द्या, आशाताईंचें मानधन वेळेवर द्या, पहिल्यांदा आपला दंड पुढें करा, आणि मग बाजूला व्हा. औषधावर तुमचा चेहरा नको. शास्त्रज्ञांनो, डॉक्टरांनो, आमच्याशीं मराठींत बोला. जें ठाऊक आहे तें सांगा, जें ठाऊक नाहीं तेंहि सांगा. आमचा गरीब माणूस पावसाच्या अंदाजावर पेरणी करतो. अनिश्चित गोष्ट त्याला कळत नाहीं असें समजूं नका. त्याला खपत नाहीं तें खोटें. आणि मास्तरांनो, तलाठ्यांनो, ग्रामसेवकांनो, आंकडा भरण्यासाठीं खोटें बोलूं नका. माझ्या एका खोट्यानें एक सुई टोचली गेली, पण दुसऱ्या सुईच्या वेळीं एक लेकरूं गोठ्यांत लपलें. तें लेकरूं गोवरानें गेलें असतें तर मीं कोणाला तोंड दाखविलें असतें?

आणि आपण सर्वांनीं? बंकटस्वामींच्या ह्या गांवांत आपण कीर्तन ऐकतों तेव्हां बुवा काय सांगतो आणि तो स्वतः कसा वागतो हें दोन्ही पाहतों. तेंच डोळे येथेंहि लावा. सांथींत कोणी कांहीं सांगितलें तर तीन प्रश्न विचारा. हें तुला कशावरून कळलें? ह्यांत तुझा फायदा काय? आणि चुकलें तर तूं येऊन सांगशील काय? तीन प्रश्नांना जो न चिडतां उत्तर देईल, त्याचें ऐका. मग तो तुमच्या जातीचा नसो, धर्माचा नसो, पक्षाचा नसो. जो चिडेल, तो पुढारी असो, बाबा असो, कीं पांढऱ्या कोटांतला असो, त्याच्यापासून सावध राहा. सरकारचा राग सरकारवर काढा, मतपेटींत काढा. आपल्या लेकराच्या लसीवर काढूं नका. रोगाला पक्ष नसतो, आणि त्याला तुमच्या रागाचें कांहीं वाटत नाहीं.

सावित्रीबाईंनीं मुंढव्याच्या त्या घरापुढें भाषण केलें नाहीं, हुकूम दाखविला नाहीं, रेशनचा धाक घातला नाहीं. जें त्या लोकांना सांगत होत्या त्याची जोखीम त्यांनीं आधीं आपल्या अंगावर घेतली. आज त्यांच्या तसबिरीला हार घालून आपण घरीं जाऊं. जातांना आपल्या गल्लींतल्या आशाताईचें दार वाजवा, आणि आपल्या घरच्या लेकरांची कोणती लस राहिली आहे तेवढें विचारून या. मीहि त्या आजीच्या घरावरून जाणार आहें. नातीचा पुढचा डोस कधीं, तें कार्ड पाहून तिला वाचून दाखवायचें मीं कबूल केलें आहे.